उघड्या फायलींच्या बाई

बाईंचा मला आलेला पहिला फोन असा होता: "तुझी मांदेली झोपलीय का रे?"

मी दादरच्या ऑफिसात नवीन होतो. जुन्या इमारती तपासायच्या आणि त्या दुरुस्त होतील की रिकाम्या कराव्या लागतील हे सांगायचं, हा आमच्या कंपनीचा धंदा. इंजिनिअर आणि ड्राफ्ट्समन दादरला बसायचे. साहेब लोक, अकाउंट्स आणि सर्व्हर लोअर परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. फोनवरचा आवाज मी याआधी ऐकलेला नव्हता. मला वाटलं, राँग नंबर लागला.

"कोण मांदेली?"

"तुझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर. मला इथून दिसत नाहीये. वायर निघाली असेल, खाली वाकून बघ. तुम्ही लोक पाय फार हलवता."

वायर खरंच निघाली होती.

ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला बाईंनी माशाचं नाव दिलेलं होतं. सुरमई, रावस, हलवा, करली. छोट्या, स्वस्त मशीन नव्या लोकांच्या वाट्याला यायच्या, म्हणून माझी मांदेली. बाई गिरगावच्या, जुन्या मुंबईकर घरातल्या. त्यांच्या घरात पणजोबांपासून सगळे सरकारी कचेऱ्यांत कारकून. "नकला करायचं काम आमच्याकडे पिढीजात आहे," असं त्या म्हणायच्या. "पणजोबा टाकाने करायचे, वडील कार्बन पेपरने, मी नेटवर्कवरून." सगळ्या ऑफिसच्या कामाची रोज नक्कल काढून ठेवणं, म्हणजे बॅकअप घेणं, ही त्यांची नोकरी होती. त्यांना कोणी मॅडम म्हटलेलं खपायचं नाही. मॅडम विमानात असतात, म्हणायच्या. मग सगळेच त्यांना बाई म्हणत.

प्रत्यक्ष पाहिल्या त्या दोनेक महिन्यांनी. उंच, सडपातळ, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, अंगात सुती कुडता आणि पायात कॅनव्हासचे बूट. लोअर परळच्या ऑफिसात जिन्याखाली त्यांची खोली होती. आत सर्व्हरची घरघर आणि एसीचा गारवा. त्या थंडीत बाई बारा महिने शाल घेऊन बसायच्या. मी नाव सांगितलं तर त्यांना काही बोध होईना. "मांदेली," म्हटल्यावर चेहरा उजळला. "ये ये, बस. तुझ्या डिस्कचा आवाज मला आवडत नाही हं." दादरच्या डिस्कचा आवाज लोअर परळला कसा ऐकू येतो, हे मी विचारलं नाही. पुढे कळलं, डिस्क वाचायला किती वेळ लागतो ते त्या रोज बघायच्या आणि त्यालाच आवाज म्हणायच्या.

बाई यायच्या आधी ऑफिसात बॅकअपची एक पद्धत होती. संध्याकाळी कोणीतरी ओरडायचं, "फायली बंद करा, बॅकअप लागतोय!" कोणी बंद करत नसे. ज्याच्या ड्रॉइंगमध्ये अर्धा जिना काढून झालाय, तो माणूस जिना सोडून उठत नाही. बरं, रात्री सगळे गेल्यावर करावं, तर गिरणीच्या आवाराचा वॉचमन ऑफिसं सुटली की सरळ मेन स्विच पाडायचा, आणि दादरच्या इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी तर त्या बाबतीत आणखी कडक होता. म्हणजे जे काय करायचं ते दिवसा, लोक काम करत असतानाच. कॉम्प्युटरचा नियम असा की, एखादी फाइल कोणी वापरत असेल, तर कॉपी करणारा प्रोग्राम तिला हात लावत नाही. "वापरात आहे" असं म्हणतो आणि पुढच्या फाइलकडे जातो. शेवटी सगळं नीट झाल्याचा निरोप देतो.

बाईंनी आल्या आल्या बॅकअपमध्ये काय आहे हे बघितलंच नाही. काय नाही, ते बघितलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की महिनोन्‌महिने ऑफिस फक्त झालेल्या कामाच्या नकला काढत होतं. संपलेली ड्रॉइंग, पाठवलेली पत्रं, निकालात निघालेल्या इमारती. ज्यांवर लोक रोज डोकं फोडत होते त्या फायली कायम उघड्या, त्यामुळे त्यांची एकही प्रत नव्हती.

"नेमकं जे चालू आहे तेच सुटत होतं," त्या मला एकदा म्हणाल्या. "आणि कागदोपत्री सगळं उत्तम."

मग त्यांनी ती स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे हुकुमांची एक साधी यादीच. कॉम्प्युटर ती वरून खाली वाचत जातो आणि सांगितलं तसं करतो. लोअर परळला बसून बाई ती सोडायच्या आणि ती दादरच्या एकेका मशीनवर जाऊन यायची. तिथे पोचल्यावर ती कोणालाही फाइल बंद करायला सांगत नसे. ती त्या क्षणाला डिस्क जशी आहे तशी तिची एक सावली पाडायची. सावली हा बाईंचाच शब्द. मूळ फाइल उघडी असली तरी सावलीला कुलूप नसतं. मग त्या सावलीतून निवांत प्रत काढायची आणि शेवटी सावली पुसून टाकायची. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण त्यांनी हुकुमांच्या मधेमधे स्वतःसाठी मराठीत टिपा लिहिल्या होत्या, त्या मी वाचल्या होत्या. एका ठिकाणी लिहिलं होतं: "आता सगळ्यांनी एक क्षण श्वास धरा." पुढच्या ओळीत: "झालं. सोडा." आणि साहेबांच्या मशीनपाशी: "हा सोडणार नाही. वाद घालू नये."

मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, फाइल बंद करायचं नावच घेत नसत. त्यांच्या मशीनवर महिन्यापूर्वी उघडलेल्या गोष्टी तशाच उघड्या असायच्या. साहेब पूर्ण शाकाहारी. त्यांच्या मशीनचं नाव बाईंनी खेकडा ठेवलं होतं, धरलेलं सोडत नाही म्हणून. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. साहेबांना सोडून.

सांगायचा मुद्दा, बाईंना एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्या आल्यापासून ऑफिसात कोणालाही, कधीही, बॅकअपसाठी हातातलं काम थांबवायला लागलं नव्हतं. "मी येऊन जाते ते कळता कामा नये," म्हणायच्या. त्यांच्या लहानपणी घरात वडील आरामखुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि आई त्यांना न उठवता खुर्चीखालून केर काढायची. वडिलांनी पायही वर घ्यायचे नाहीत. "तसा केर काढता आला पाहिजे," हे त्यांचं मत.

दुसरी खोड जास्त त्रासाची होती. प्रत काढली म्हणजे काम झालं, हे बाईंना कधी मान्य नव्हतं. ती प्रत परत आणता आली, उघडली आणि ज्याची फाइल त्याने ओळखली, तर ती खरी. त्यासाठी त्या अधूनमधून कोणाला तरी धरायच्या. कालची फाइल बॅकअपमधून परत आणायच्या, फोन लावायच्या आणि विचारायच्या, "काल तू काय केलंस?"

"ड्रॉइंग केलं."

"काय काढलंस ते सांग. फाइल न बघता."

"पाण्याची टाकी सरकवली बहुतेक."

"कुठून कुठे?"

लोक वैतागायचे. आमच्यातला एक ड्राफ्ट्समन तर म्हणायचा, माझी बायको एवढं विचारत नाही. पण बाई टाकी नव्या जागी आहे हे फाइलमध्ये बघितल्याशिवाय फोन ठेवत नसत.

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. गिरगावात, जुन्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा. माझी अशी समजूत की, या बाईंच्या घरी कपाटंच्या कपाटं असतील, जुने फोटो, पत्रं, पत्रिका, सगळं नंबर घालून. घरात काहीही नव्हतं. एक पलंग, दोन खुर्च्या, स्वयंपाकाची मोजकी भांडी. भिंतीवर एक फोटो नाही. कॉम्प्युटरही नाही. पुस्तक वाचून झालं की त्या खालच्या मजल्यावर देऊन टाकायच्या. वडील गेल्यावर त्यांचे सगळे कागद त्यांनी एका दुपारी वाटून आणि फाडून संपवले होते.

"तुम्ही?" मी विचारलं. "तुम्ही काहीच ठेवत नाही?"

"नोकरी आहे म्हणून जपते रे. स्वभाव नाही माझा." त्यांनी माझ्या ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढली. "लोकांचं असतं ते जपायला लागतं. आपलं आपण ठरवू शकतो."

त्यांनी लग्न का केलं नाही, भाऊबहिणी कुठे असतात, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. त्यांच्याशी बोलताना आपलंच जास्त सांगून व्हायचं. मी काळाचौकीत वाढलो. आमच्या चाळीतल्या माणसांच्या गोष्टी त्या आवडीने ऐकायच्या आणि पुढच्या वेळी नेमक्या तिथूनच पुढे विचारायच्या.

ज्या प्रसंगामुळे मला बाईंबद्दल लिहावंसं वाटलं, तो काळाचौकीतल्याच एका इमारतीचा आहे.

इमारत जुनी, तीन मजली, पुढची बाजू रस्त्यावर आणि मागची बाजू एका बोळाकडे. दोन्हीकडे लाकडी गॅलऱ्या. भिंतींना तडे गेले होते. तडा नुसता असला तर फार घाबरायचं कारण नसतं. तो वाढतोय का, हे बघायचं असतं. त्यासाठी आम्ही तड्यावर आडव्या पारदर्शक पट्ट्या चिकटवतो. भिंत हलली की पट्टीवरची रेघ सरकते. दर महिन्याला जाऊन किती सरकली ते वाचायचं. हे काम माझ्याकडे होतं. आकडे तिथल्या तिथे टॅबवर भरायचे आणि ऑफिसात आल्यावर टॅब मांदेलीला जोडायचा. आमच्या एका निवृत्त झालेल्या इंजिनिअरने लिहिलेला प्रोग्राम ते आकडे फाइलमध्ये उतरवून घ्यायचा आणि टॅब पुसून टाकायचा. पट्ट्यांचे फोटो काढायची पद्धत आमच्याकडे नंतर आली, या प्रकरणानंतर.

शेवटच्या फेरीहून मी दुपारी ऑफिसात आलो, टॅब जोडला आणि जेवायला गेलो. त्याच सुमारास बाईंची स्क्रिप्ट येऊन गेली असणार. संध्याकाळी मी मशीन बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरूच होईना. डिस्क गेली होती.

मी फोन केला. बाई म्हणाल्या, "आवाज आवडत नव्हताच मला. थांब, येते." आणि त्या लोअर परळहून स्वतः दादरला आल्या, दुसरी मशीन लावली, बॅकअपमधून माझ्या सगळ्या फायली आणल्या. दुपारपर्यंत काम झालं. तड्यांची फाइल उघडली. वर तारीख आदल्या दिवशीची. मोठे साहेबही दादरला आले होते, कारण महापालिकेच्या ऑफिसात रिपोर्ट द्यायची मुदत जवळ आली होती. ते खूश होऊन म्हणाले, "वा. करा रिपोर्ट."

बाई उठल्या नाहीत. त्यांनी मला स्क्रीनसमोरून बाजूला केलं.

"काल काय बघितलंस?"

"बाई, आता नको ना..."

"काय बघितलंस? फाइल न बघता सांग."

मी आठवलं. पुढच्या बाजूला काही विशेष नव्हतं. मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर, एका आजींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पट्टीवरची रेघ बघून मी दचकलो होतो. पट्टी पुसून पुन्हा वाचली होती.

"किती सरकली होती?"

"बरीच. आकडा नाही आठवत."

बाईंनी स्क्रीनवर ती खोली काढली. रेघ जागच्या जागी होती. मागच्या महिन्यात होती तिथेच. त्यांनी मागच्या बाजूच्या सगळ्या खोल्या एकेक करून बघितल्या. एकही आकडा बदललेला नव्हता.

"अर्धी आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझा प्रोग्राम लिहीत होता तेव्हा मी सावली पाडली. आधी तारीख लिहिली, मग पुढची बाजू लिहिली. मागची लिहायच्या आत मी येऊन गेले. बाकीचे प्रोग्राम श्वास धरा म्हटलं की धरतात, लिहायचे थांबतात. याला ते ऐकूच येत नाही."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय झालं?"

"म्हणजे ही फाइल मागच्या बाजूला काही हललेलं नाही असं सांगतेय. तारीख कालची, आकडे गेल्या महिन्याचे."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण मुदत त्यांनी आधीच एकदा वाढवून घेतली होती. ते माझ्याकडे वळले. "तुला आठवतंय ना साधारण? मागच्या बाजूला थोडं वाढवून टाक. सेफ साइडला ठेव."

"थोडं म्हणजे किती, साहेब?" मी विचारलं.

"अरे, तू इंजिनिअर आहेस."

मी काय केलं असतं, ते आज सांगता येणार नाही. कारण ठरवायची वेळच माझ्यावर आली नाही. बाईंनी माउस घेतला, ती फाइल निवडली आणि उडवली. मग रिसायकल बिनमध्ये जाऊन तिथूनही उडवली. खोलीतले सगळे बघत राहिले. एकही फाइल जाऊ न देणं ज्या बाईची नोकरी, तिने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फाइल घालवली होती.

"हे काय केलंत तुम्ही?" साहेबांचा आवाज चढला. "फायली जपायचा पगार देतो मी तुम्हाला!"

"खऱ्या फायली जपायचा, साहेब. ही माझ्याकडून खोटी आली. तिच्यावरून तुम्ही माणसांना घरात राहा म्हणून सांगणार. आता फाइल नाही. आता मोजायला लागेल."

साहेब बाजूच्या केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं, त्यांनी फोन उचलला आणि आणखी थोडे दिवस मागून घेतले. कोणाकडून तरी ऐकून घ्यावं लागलं असणार. मान खाली घालून "हो, हो" करत होते.

जिन्यात मी बाईंना विचारलं, "खरंच गेली ती?"

"सर्व्हरवर प्रत आहे. कोणाला देणार नाही, एवढंच." मग म्हणाल्या, "उद्या मी पण येते मोजायला."

त्या आजवर कधी साइटवर आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी कॅनव्हासचे बूट घालून, शाल न घेता, इमारतीखाली माझ्या आधी उभ्या होत्या. उन्हात त्या मला एकदम वेगळ्याच वाटल्या, थोड्या म्हाताऱ्या. लाकडी जिना चढताना कठड्याला हात लावत नव्हत्या. भरवसा नाही, म्हणाल्या.

मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आजी भाजी परतत होत्या. मालवणकडच्या. पट्टी बरोबर त्यांच्या शेगडीमागच्या भिंतीवर होती. मला बघून त्या करवादल्या, "परत इलास? परवाच तर मोजलास मरे. तुमी लोक येतास, मोजतास आणि जातास. आमी हंयच ऱ्हवतंव."

"आजी, पाच मिनिटं गॅस बंद कराल का? पट्टी वाचायची आहे."

"आणि भाजी?"

बाई पुढे झाल्या. "राहू दे गॅस चालू. मावशी, तुम्ही करा तुमचं. आम्ही बाजूने घेतो."

मी भिंतीला चिकटून, कढईच्या वाफेतून, मान वाकडी करून पट्टी वाचली. बाईंनी टॉर्च धरला होता. तेलाचे थेंब त्यांच्या हातावर उडत होते, पण टॉर्च हलला नाही. मी आकडा सांगितला. बाईंनी तो टॅबवर भरला, मला पुन्हा वाचायला लावला आणि मग एका कागदावरही लिहून घेतला. परवा दचकलो होतो त्याहून रेघ आणखी सरकली होती. आजींनी भाजी हलवता हलवता आमच्या तोंडांकडे बघितलं.

"वायट हा काय?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "हो मावशी. वाईट आहे."

मागची बाजू रिकामी करायचा रिपोर्ट गेला. पुढच्या काही आठवड्यांत तिथल्या कुटुंबांना संक्रमण शिबिरात हलवलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. निघताना आजींनी इमारतीसमोर रस्त्यावर उभं राहून आम्हाला जे काही ऐकवलं, ते मी इथे लिहीत नाही. त्यात त्यांची चूक नव्हती. मागच्या गॅलऱ्यांना खालून टेकू लावले आणि दुरुस्ती सुरू झाली.

नंतर एकदा मोठे साहेब लोअर परळला जिन्याखालच्या त्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. मी काही सामान घ्यायला तिथे आलो होतो. साहेब शालीतल्या बाईंसमोर स्टुलावर बसले, इकडेतिकडे बघितलं, भिंतीवरची मशीनची यादी वाचली.

"हा खेकडा कोण?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग म्हणाले, "मी आता संध्याकाळी फायली बंद करत जाईन."

"नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या फायलींना काही होत नाही. मी सांभाळते."

पण माझ्याकडे त्या वेगळ्या कामासाठी आल्या. खास दादरला आल्या, माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. त्या प्रोग्रामला श्वास धरायला शिकवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला होता. तो लिहिणाऱ्या निवृत्त इंजिनिअरच्या घरी माटुंग्याला दोनदा जाऊन आल्या होत्या. त्यांनाही आता तो कसा लिहिला होता ते आठवत नव्हतं.

"एक विनंती आहे," बाई म्हणाल्या. "टॅबचे आकडे उतरवून झाले की तो एक प्रोग्राम बंद करत जा. आणि मला फोन कर. मग मी येऊन जाईन."

"एवढंच ना? करतो की."

"एवढंच नाही रे." त्यांनी चष्मा काढून कुडत्याला पुसला. "तुला थांबायला सांगतेय मी. आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं."

मला तेव्हा ते फार मोठं वाटलं नव्हतं. एक प्रोग्राम बंद करायचा, एक फोन करायचा. पण त्यांचा चेहरा आठवतो. एखाद्याने घर विकल्याचं सांगावं तसा झाला होता. त्या दिवसापासून त्यांनी केर काढायची ती गोष्ट कोणाला सांगितलेली मी ऐकली नाही.

पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या, भेटवस्तू नको म्हणाल्या, शेवटच्या दिवशी शाल घडी करून वॉचमनच्या बायकोला दिली आणि गेल्या. आता आमच्या फायली कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप जातात. मशीनना नंबर आहेत. सगळं नीट चालतं, आणि काल मी काय केलं हे मला कोणी विचारत नाही.

इमारतीची दुरुस्ती पूर्ण व्हायला दोन वर्षांच्या आसपास लागली. काही कुटुंबं परत आलीच नाहीत. आजी आल्या. शेवटची पाहणी करायला मला जायचं होतं, तेव्हा मी बाईंना फोन केला. येता का, विचारलं. त्या म्हणाल्या, "मला बघायचंच होतं."

आम्ही वर गेलो. भिंतीला नवं प्लास्टर होतं, पट्टी नव्हती. आजींनी मला ओळखलं नाही. बाईंना ओळखलं.

"तू टॉर्च धरून उभी होतंस तीच ना?"

"हो, मावशी."

"माका घराभायर काढलंस."

"हो. काढलं."

बाईंनी एक शब्द जास्त बोलून आपली बाजू मांडली नाही. तडा किती होता, काय होऊ शकलं असतं, काही नाही. आजी शिबिरातल्या हालांबद्दल सांगत होत्या. लिफ्ट बंद असायची, पाणी नसायचं, शेजारी कोणी ओळखीचं नाही, नवऱ्याचं वर्षश्राद्ध तिथेच करावं लागलं. बाई खाली जमिनीवर बसून सगळं ऐकत होत्या. मधे दोनदा त्यांनी विचारलं, "मग?" शेवटी आजी दमल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बस आता. चाय करतंय."

चहा पिऊन आम्ही खाली उतरलो. मागच्या बोळात बाई थांबल्या आणि वर बघत राहिल्या. नव्या गॅलऱ्या, नव्या लाकडावर अजून रंग नव्हता, दोरीवर कपडे वाळत होते.

"आपण बरोबर होतो की नाही, ते कधी कळणार नाही रे," त्या म्हणाल्या.

"का नाही? एवढी रेघ सरकली होती."

"सरकली होती. पण इमारत पडली तर नाही ना. टेकू लावले म्हणून पडली नाही, की नाहीतरी पडणारच नव्हती, कोण सांगणार? आणि ती बिचारी दोन वर्षं त्या लिफ्ट बंद असलेल्या बिल्डिंगमध्ये."

बोळात भाजीची गाडी येऊन उभी राहिली आणि भाजीवाल्याने हाक दिली. दुसऱ्या मजल्यावर आजी गॅलरीत आल्या. कठड्यावर त्यांनी दोन्ही कोपरं टेकली, सगळा भार पुढे टाकला आणि अर्ध्या बाहेर वाकून खालच्या वालपापडीचा भाव विचारला. भाव पटला नाही. मग जोरजोरात घासाघीस सुरू झाली.

बाई हलल्या नाहीत. भाव ठरला, पिशवी दोरीने खाली आली, भरून वर गेली, आजी कठड्यावरून सरळ झाल्या आणि घरात गेल्या. तोपर्यंत बाई तशाच मान वर करून उभ्या होत्या.

"चल," त्या म्हणाल्या.